अँबेसिडरचं इंजिन आणि भुईमुगाची शेंग

बऱ्याच महिन्यांत इथे काही लिहिलं नाही. कारण गॅरेजमध्ये आहे. पण मागच्या आठवड्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला आणि तिने थेट विचारलं, "आबांना तिकडं बोलावून गाडीखाली राबवलंस म्हणे? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला?" घरात बातमी कशी फिरते ते तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. ब्लॉगवरच्या मंडळींना गाड्यांचा कंटाळा असेल तर मधले काही परिच्छेद गाळून वाचा, रागावणार नाही :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. चाळीस वर्षं चाललं. आई गेली, आणि त्यानंतर वर्षभरात त्यांनी ते आपल्या जुन्या फिटरला देऊन टाकलं. हात थोडा कापायला लागला होता, हे एक कारण. दुसरं त्यांनी कधी सांगितलं नाही. मग मी त्यांना सहा महिन्यांसाठी ऑकलंडला आणलं. पहिला महिना ते खिडकीपाशी बसून होते. इथला पाऊस कोल्हापूरसारखा कोसळत नाही. येतो, जातो, पुन्हा येतो. "ह्याला धड पडता बी येत न्हाई," एवढंच ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

आता गाडी. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत होते, त्यांच्याकडे १९७१ची एमजीबी होती. एमजीबी म्हणजे इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात झालेली दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्‌स कार. पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणजे अगदी राजघराण्यातली वस्तू नव्हे. पण दिसायला अशी की सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून हसतो. शेजारीबाबा वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. त्यांनी गाडी मला जवळजवळ फुकटच दिली, एका अटीवर: झाकून ठेवायची नाही, चालवायची.

चालवायला अडचण एवढीच होती की इंजिन मेलं होतं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला होता. ब्लॉकला मूठ आत जाईल एवढी खिडकी पडली होती.

आबांना मी सहज म्हणून गॅरेजमध्ये नेलं. बॉनेट उघडलं. ते वाकले, चष्मा वर केला, आणि दोन महिन्यांत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "आरं, हे तर अँबेसिडरचं इंजिन!"

खरंच होतं ते. ज्यांनी आयुष्यात फक्त अँबेसिडरच्या मागच्या सीटवर चौघांत सहावं बसून प्रवास केला आहे त्यांना सांगतो. १९५९पासून अँबेसिडरमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन यायला लागलं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. एमजीबीचं १७९८ सीसी हे त्याच घराण्यातलं, थोरला भाऊ म्हणा. तोच ओतीव लोखंडाचा जडशीळ ब्लॉक, तेच एस.यू. कार्ब्युरेटर, इथे फक्त एकाऐवजी दोन. आबांनी टॅपेटचं झाकण काढायला लावलं आणि मला तिथल्या तिथे नऊची बेरीज शिकवली. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप लावायचा, सातवा दाबलेला तेव्हा दुसऱ्याचा, बेरीज कायम नऊ. गॅप पंधरा थाऊ. इंजिन मेलेलं आहे, ब्लॉकला भोक आहे, आणि हे टॅपेट लावतायत! मी काही बोललो नाही. हात कापत नव्हता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसरा ब्लॉक शोध, बोअर बघ, किट टाक, पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर. हे शक्य होतं. एमजीबीचे पार्ट जगभर मिळतात, इथेही मिळतात.

पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझ्याकडे एका गंजून गेलेल्या १९८३च्या माझदा आरएक्स-७चं १२ए इंजिन पडून होतं, गिअरबॉक्ससकट. रोटरी इंजिन. न्यूझीलंडमध्ये या इंजिनाचं वेड केवढं आहे ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. शनिवारी रात्री दूर कुठेतरी 'ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप' असा अडखळता आवाज येतो, तो पोर्ट वाढवलेल्या रोटरीचा. मला तसला आवाज नको होता. मला ते इंजिन न कापता, न वाढवता, जसं कारखान्यातून आलं तसं एमजीबीत बसवायचं होतं. का? कागदावर दोन्हींची ताकद जवळजवळ सारखीच, शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे वेगासाठी नाही. बी-सिरीज खालच्या आरपीएमला ट्रॅक्टरसारखं ओढतं आणि वर गेलं की कुरकुरतं. रोटरी खाली सुस्त असतं आणि वर जाईल तसं मऊ होत जातं. एकदा मित्राच्या गाडीत ते ऐकलं होतं आणि तेव्हापासून कानातून गेलं नव्हतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे हे उतरवून फेकणार."

"फेकणार नाही आबा. झाकून ठेवणार."

दोन दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. खिडकी आणि पाऊस. बायको म्हणाली, "तुझ्या लक्षात येतंय ना? इतक्या लांब येऊन त्यांना एक ओळखीचं माणूस भेटलं होतं." लक्षात येत होतं. तरीही मी विचार बदलला नाही. यावर आमचं घरात बोलणंही झालं, ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे इंजिन बदलणं हे आबांना नवीन नव्हतंच. पेट्रोल परवडेना म्हणून लोक अँबेसिडरमध्ये, जीपमध्ये मटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घ्यायचे, त्या काळात आबांनी किती गाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरवली असतील त्याची मोजदाद नाही. इकडच्या एमजीप्रेमींमध्ये 'मूळ इंजिन काढणं' हे पाप समजतात. एकाने मला तसं तोंडावर सांगितलं. उद्यमनगरात त्याला पाप म्हणत नसत, हिशोब म्हणत. मग आबांना नेमकं काय लागलं? मला वाटतं, तेव्हा जे इंजिन जायचं तेही त्यांना कळायचं आणि जे यायचं तेही. इथे येणारं इंजिन त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "त्यात पिस्टन न्हाई म्हणतोस, मग असतं काय?"

मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवलं. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग उभी चिरली तर जी आकृती दिसेल, कमरेत किंचित चिमटलेली, तो झाला बाहेरचा हाऊसिंग. आत एक त्रिकोण, पण बाजू फुगलेल्या, समोशासारखा. हा त्रिकोण, म्हणजे रोटर, मध्यावर नुसता फिरत नाही, भोवरा पडायला आला की जसा डुलत फिरतो तसा फिरतो. त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला घासत असतात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात आणि रोटर फिरेल तसे लहानमोठे होत जातात. एकात पेट्रोल-हवा ओढली जाते, पुढे दाबली जाते, पेटते, बाहेर फेकली जाते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाहीत.

"टॅपेट न्हाईत," आबांनी नोंद घेतली. चेहऱ्यावरून मत कळेना.

मग मी सांगितलं की रोटरचा एक फेरा होईस्तोवर मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. त्यांनी तोंडी हिशोब केला. "शाफ्ट सात हजारला असला तर आतलं फक्त तेवीसशे तेहतीस? मग ते निवांतच हाय की." रोटरीबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण त्याच्या स्वभावाचं इतकं नेमकं वर्णन कुठे वाचलं नव्हतं.

इतिहासही त्यांना आवडला. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची कल्पना. एनएसयू कंपनीने १९६७ साली रो-८० ही गाडी काढली, तिला १९६८चा 'कार ऑफ द इयर' किताब मिळाला, आणि टोकांचे सील झिजून इतकी इंजिनं परत आली की कंपनी मोडकळीला येऊन १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. माझदाने परवाना १९६१लाच घेतला होता. त्यांच्याही हाऊसिंगवर आतून लाटालाटांचे ओरखडे उठायचे, तिथले इंजिनियर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे सेहेचाळीस सहकारी त्याच्यामागे लागले. शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेले सील करून त्यांनी ते थांबवलं, आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. बाकी सगळ्या कंपन्यांनी एकेक करून नाद सोडला. माझदाने १९९१मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आरएक्स-८ २०१२मध्ये बंद झाली, आणि २०२३मध्ये एमएक्स-३० मध्ये पुन्हा एक रोटर आला, पण तो चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायला.

"सगळ्यांनी सोडलं आणि हे बसले करत," आबा म्हणाले. मग उठून चप्पल घातली. "चल, उघडू."

तर आत्या, राबवलं नाही. ते स्वतः उठले.

१२ए उघडणं म्हणजे पाच पुडाचा जेवणाचा डबा उघडणं. इंजिन उभं करायचं. प्लेट, हाऊसिंग, मधली प्लेट, हाऊसिंग, प्लेट असे एकावर एक पाच थर, आणि आरपार गेलेले लांबलचक बोल्ट. बोल्ट काढले की एकेक पुड उचलायचा. आबांना ही मांडणी बघून पहिल्यांदा हसू आलं. सीलखालच्या स्प्रिंगा बारीक, त्या त्यांच्या हाताने बसेनात. दोनदा उडून गेल्या. त्यांनी मुकाट्याने माझ्याकडे दिल्या आणि बाजूला झाले. ते बघणं मला जड गेलं. माझ्या लहानपणी अंधारात, दिवे गेलेले असताना, हा माणूस चाचपून पॉइंट सेट करायचा.

पण हाऊसिंग तपासताना उलटं झालं. मी बॅटरी मारून, भिंग लावून आतली क्रोमची भिंत बघितली आणि ठीक आहे म्हणालो. आबांनी डोळे मिटून अंगठ्याचं नख गोल फिरवलं. एका जागी थांबले. मागे आले, पुन्हा थांबले. "इथं कड उचललीय." प्लगच्या भोकाच्या जरा पुढे, काठावर, क्रोमचा पापुद्रा सुटायला लागला होता. नखाएवढाही नाही. ते तसंच बांधलं असतं तर त्याने सील खाल्ले असते. दुसरं हाऊसिंग मिळवायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आबा रोज मला ऑफिसात फोन करून विचारायचे, आलं का.

पुढची सगळी जुळवाजुळव लिहायला बसलो तर ब्लॉगचं पुस्तक होईल. थोडक्यात सांगतो. इंजिन बसवणं हे काम नाहीच. एका सकाळीचं ते, चेनकुप्पीवर टांगलं आणि सोडलं. काम असतं ते त्या इंजिनाला गाडीशी बोलायला लावण्याचं. माउंटिंग नवीन करावी लागली. आबांनी वीट-बिक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना केला, मी तो वेल्डरकडे नेला, आणि पहिल्याच फटक्यात भोकाला भोक लागलं. रोटरी लांबीला कमी, म्हणून मागे सरकवता आलं, पुढच्या चाकांवरचं वजन घटलं. १९६८पासून एमजीबीचा मधला बोगदा रुंद केलेला आहे, त्यामुळे माझदाचा पाच गिअरचा डबा मोठी कापाकापी न करता मावला. प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापून, बॅलन्स करून घेतला, पुढचं टोक माझदाचं, मागचं एमजीचं. रोटर तेलाने थंड होतो, म्हणून ऑइल कूलर चांगला मोठा लागतो. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट एकाच बाजूला, आणि धूर इतका तापलेला की आजूबाजूच्या प्रत्येक वायरला, नळीला उष्णतेपासून आडोसा द्यावा लागला. यात सगळ्यात जास्त दिवस गेले.

दोन गोष्टी मात्र देवाने आधीच जुळवून ठेवल्यासारख्या निघाल्या. एमजीबीच्या मागच्या एक्सलचं रेशो ३.९०९. आरएक्स-७चं? तेही ३.९०९! आणि आरपीएमचा काटा. चार सिलिंडरचं इंजिन शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा पेटतं. दोन रोटरचं इंजिनही शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदाच पेटतं. म्हणजे १९७१चा तो इंग्लिश काटा जपानी इंजिनावर काही न बदलता बरोबर आकडा दाखवणार. आबांना हे इतकं आवडलं की त्यांनी जेवताना माझ्या मुलीला ते डाळीच्या वाटीभोवती चमचा फिरवून समजावलं. ती सहावीत आहे. तिला समजलं, मला शंका आहे ती तिच्या आईबद्दल.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आधी भसाभस पांढरा धूर आला. बांधताना लावलेलं तेल जळतं, ते होणारच. मग आवाज स्थिर झाला आणि गॅरेजभर एक वास पसरला. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. रोटरीत सील ओले राहावेत म्हणून थोडं तेल पेट्रोलबरोबर मुद्दाम जाळलं जातं. इंजिनाचा छोटा पंप ते काम करतो, शिवाय मी पहिल्या काही टाक्यांपुरतं पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलं होतं. ऑकलंडच्या त्या गॅरेजमध्ये आमच्या जुन्या बजाज चेतकचा वास येत होता. ज्या स्कूटरवर मी पुढे उभा, आबा, मागे आई, आणि पायाशी भाजीची पिशवी.

"आई असती तर म्हणाली असती, बंद करा ते, कपडे वाळत घातलेत," मी म्हणालो.

आबा काही म्हणाले नाहीत. बराच वेळ एक्झॉस्टपाशी उभे राहिले.

इथे असा बदल केला की गाडी अधिकृत तपासनिसाला दाखवावी लागते. ब्रेक, माउंटिंग, स्टिअरिंगला अडथळा नाही ना, हे सगळं तो बघतो आणि काय काय बदललं ते कोरलेली एक छोटी पट्टी गाडीला लावून देतो. त्याने आमची माउंटिंग बघून विचारलं, डिझाइन कोणाचं? मी आबांकडे बोट दाखवलं. खोक्याचं सांगितलं नाही.

मग शेजारीबाबांकडे गेलो, वृद्धाश्रमात. मला त्या भेटीची खरी भीती होती. अट पाळली होती, पण गाडी त्यांची राहिली होती का? ते काठी टेकत बाहेर आले, इंजिनाचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, आवाज माझ्या गाडीचा नाही. मग डावीकडच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, आणि म्हणाले, दार मात्र तसंच लागतंय. आम्ही समुद्राच्या कडेने वीस मिनिटं गेलो. काटा लाल पट्ट्यात शिरला तेव्हा त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. जुनं इंजिन तिथे ओरडायचं. हे फक्त गुणगुणत होतं. त्यांना आवडलं की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही. उतरताना त्यांनी विचारलं की जुनं इंजिन आहे का अजून. आहे म्हटलं. मान हलवली.

तोटेही लिहून ठेवतो, नाहीतर कोणीतरी माझं वाचून नादाला लागेल. पेट्रोल अफाट पितं. दर टाकीला तेल बघावं लागतं. थंड इंजिन सुरू करून दहा फूट गाडी सरकवून लगेच बंद केलं तर प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी रडवतं. चढावर खालच्या गिअरला आळस केला तर गाडी ढिम्म. बी-सिरीज असा माज करत नसे, हे मान्य करायलाच हवं.

सहा महिने संपले, आबा मार्चमध्ये परत गेले. मी राहा म्हणालो होतो. बायकोने, मुलीने, सगळ्यांनी म्हणून झालं. "घर बंद ठिवून चालत न्हाई," म्हणाले. आता ते रोज सकाळी त्यांच्या जुन्या गॅरेजात जाऊन बसतात, असं तो फिटर सांगतो. कामाला हात लावत नाहीत. त्याने मला एक फोटो पाठवला: गॅरेजच्या काळ्या फरशीवर खडूने काढलेली भुईमुगाची मोठी शेंग, आत समोसा, भोवती चार पोरं वाकून उभी, आणि आबांच्या हातात काठीऐवजी रिंग पाना.

पण परवाचा फोन वेगळा होता. त्यांनी उद्यमनगरात चौकशी केली आहे. फुटलेल्या ओतीव लोखंडाला टाके घालणारा एक जुना कारागीर अजून आहे. वेल्डिंग न करता, भोकात तुकडा बसवून, कडेने एकात एक गुंतलेले पिन ठोकून तो भोक बुजवतो.

"त्यो ब्लॉक हिकडं पाठव," आबा म्हणाले.

"आबा, ऑकलंडहून कोल्हापूरला? लोखंडाचा ब्लॉक?"

"बोटीनं येऊ दे. घाई कुणाला हाय."

काल संध्याकाळी मी ताडपत्री काढली. क्रँक, पिस्टन, सगळं उतरवलं आणि नुसता ब्लॉक शेजारच्या पोराच्या मदतीने वजनकाट्यावर चढवला. जहाजाच्या एजंटला आकडा कळवला आहे. त्याने परत फोन करून विचारलं की आत नक्की काय आहे, आणि भारतात अशी इंजिनं मिळत नाहीत का.